मत म्हणजे आहेर नव्हे

"आपला पोऱ्या शे, मत टाका रे भो."

हा निरोप वर्षातून चार-पाच वेळा तरी माझ्या फोनवर येतो. कधी जळगावातून, कधी धुळ्याहून, कधी पुण्यात नोकरीला गेलेल्या भाच्याकडून. सोबत एका मुलाचा फोटो असतो आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'मतदान आज रात्री बारापर्यंत.' मुलाचा खेळ कोणता ते फोटोवरून कळतं. या मोसमात तो खेळला कसा, हे मात्र निरोपात कधीच नसतं. गाव असतं, तालुका असतो, आडनाव असतं. आडनावावरून ज्याला जे समजायचं ते तो समजून घेतो आणि बोट दाबतो.

गेल्या हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या एका कबड्डी स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला मी होतो. प्रत्येक संघाच्या सर्वोत्तम खेळाडूसाठी प्रेक्षकांकडून फोनवर मतं मागवली होती. एका वक्त्यांनी या मतदानाचं मोठं कौतुक केलं. ते म्हणाले, "चाहत्याचं मत मनातून येतं. मनाला कारणं विचारायची नसतात. आपल्या माणसाला आपण मत दिलं, तर त्यात चुकलं काय?" टाळ्या पडल्या. हे गृहस्थ खेळासाठी स्वतःच्या खिशातून पैसे घालणारे आहेत, म्हणून त्यांचं नाव इथे घेत नाही. पण त्यांचं म्हणणं आज आपल्याकडे जवळजवळ सर्वमान्य झालं आहे, आणि मला ते मुळातून चुकीचं वाटतं. माझ्या लेखी चाहत्याचं मत ही साक्ष आहे. साक्ष पाहिलेल्या गोष्टीचीच देता येते, आणि ती देताना आपला-परका बघायचा नसतो.

आपण सध्या मत देतो ते आहेरासारखं. लग्नात मांडवाच्या दाराशी वही घेऊन कोणीतरी बसलेलं असतं. त्यांनी आपल्याकडे एकशे एक लिहिले होते, आपण एकशे एकावन्न लिहू, असा हिशेब घरातून निघतानाच झालेला असतो. नवरा मुलगा गुणाचा आहे की नाही, हे तिथे कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. आहेरानं नाती टिकतात, ते त्याचं काम आहे. पण संघातला सर्वोत्तम खेळाडू निवडताना आपण नातं जपायला बसलेलो नसतो. आपण एक विधान करत असतो: या मोसमात, या संघात, याच्याइतकं मोलाचं कोणी खेळलं नाही. हे विधान खरं असतं किंवा खोटं असतं. ते करताना संघातल्या बाकीच्या प्रत्येकाला आपण सांगत असतो की तुझं काम याच्यापेक्षा कमी होतं. वक्ते म्हणतात, चुकलं काय? ज्याच्याविषयी आपण खोटं बोललो त्याला विचारलं पाहिजे.

त्या रात्री एका संघाचं बक्षीस ज्या चढाईपटूला मिळालं, तो गुडघा दुखावल्यामुळे चारपैकी दोन सामने बाहेर बसून होता. त्यात त्याचा दोष नव्हता, आणि बक्षिसातही नव्हता. त्याचं गाव मोठं, नातेवाईक फार, फोन फार. त्याच संघाचा डावा कोपरारक्षक चारही सामने पूर्ण खेळला होता. उपांत्य सामन्यात मैदानात तीनच गडी उरलेले असताना त्यानं समोरच्या सर्वांत वजनदार चढाईपटूचा घोटा धरला आणि मदत येईपर्यंत सोडला नाही. त्या एका पकडीवर सामना फिरला, असं मला वाटतं, आणि माझ्या आजूबाजूला बसलेल्या प्रत्येकाला तेव्हा वाटलं होतं. बक्षिसाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो मॅटच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. त्यानं वर पाहिलंही नाही. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. आपल्याला मिळणार नाही हे त्याला आधीच ठाऊक होतं, आणि मला ती गोष्ट निकालापेक्षा जास्त लागली. आमच्या प्रेमाचा हिशेब त्याला या वयातच पाठ झाला होता.

मनाला कारणं विचारू नयेत हे प्रेमाच्या बाबतीत मी मान्य करतो. एखाद्याचा लाडका खेळाडू कोण असावा, यावर कोणाचाही अधिकार नाही. भिंतीवर कोणाचं चित्र लावायचं, मुलाचं नाव कोणाच्या नावावरून ठेवायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. 'माझा लाडका कोण' असं विचारलं तर कारण न देता उत्तर द्या. पण प्रश्न 'सर्वोत्तम कोण' असा असेल, तर लाडक्याचं नाव सांगणं म्हणजे विचारलं एक आणि उत्तर दिलं भलतंच. आयोजकांना गर्दीच हवी असेल तर त्यांनी पुरस्काराचं नावच 'सर्वांचा लाडका' ठेवावं. मग माझं काही भांडण नाही.

आपल्या माणसाला मत देणं ही आपली रीतच आहे, असं त्या भाषणात पुढे आलं. ही रीत खान्देशाची नाही. चाहत्यांचं मतदान आपल्याकडे फोन यायच्या कितीतरी आधीपासून होतं, यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत. लहानपणी शिरपूर तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेला मी वडिलांबरोबर जात असे. दुपारी नारळाच्या कुस्त्यांनी सुरुवात व्हायची. बारकी पोरं मातीत लोळायची आणि जिंकणारा नारळ छातीशी धरून आईकडे पळायचा. ऊन कललं की मोठ्या जोड्या लागायच्या. कुस्ती सुटली की पहिलवान आखाड्याच्या कडेनं फेरी मारायचा आणि लोक त्याच्या हातावर दोन, पाच, दहा रुपये ठेवायचे. तेच मतदान.

एका वर्षी शेवटची मानाची कुस्ती आमच्या भागातल्या नावाजलेल्या पहिलवानाची, बऱ्हाणपूरकडून आलेल्या एका पोरसवदा गड्याशी लागली. त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं. अंगानं तो उघड कमी होता. निकाल लगेच लागेल म्हणून मागचे लोक धोतराची धूळ झटकून उठायच्या बेतात होते. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तो पाठीवर येईना. दोनदा तो पुरता खाली गेला आणि दोन्ही वेळा मान रोवून फिरला. हलगीवाल्याचे हात दुखायला लागले असतील. अखेर आमच्या पहिलवानानं त्याला चितपट केलं आणि गावानं आपल्या माणसाला खांद्यावर घेतलं, तेही बरोबरच होतं. गर्दीच्या दुसऱ्या बाजूनं तो हरलेला पोरगा माती झटकत बाहेर पडत होता. माझ्या वडिलांनी त्याला हाक मारून थांबवलं आणि त्याच्या हातावर दहाची नोट ठेवली. ते पाहून शेजारच्यानं पाच दिले, मग आणखी एकानं. थोड्या वेळात त्याचीही फेरी झाली. परतताना बैलगाडीत मी विचारलं, "तो तर हरला, आणि आपला पण नव्हता." वडील म्हणाले, "जे पाहिलं त्याचे दिले."

त्या नोटेचं वजन कशात होतं? देणारा तिथे हजर होता. पैसे त्याच्या खिशातून जात होते, म्हणून तो दोनदा विचार करत होता. आणि तो सगळ्या गावासमोर देत होता. उगाच कोणाला दिले असते तर शेजाऱ्यानं तोंडावर विचारलं असतं. फोनवरच्या मतात यातलं काही उरत नाही. सामना न बघता देता येतं, फुकट देता येतं, घरात बसून कोणाच्या नकळत देता येतं, आणि चार सिमकार्डं असतील तर चारदा देता येतं. आपल्या आजोबांची रीत म्हणून ज्याचा गौरव चालला आहे, ती त्यांच्या रीतीच्या अगदी उलट आहे.

आता वक्त्यांच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. तो त्यांनी मांडला नाही, पण श्रोत्यांच्या मनात होता आणि माझ्याही मनात आहे. खान्देशाकडे पाहतं कोण? २०२३ च्या जूनमध्ये पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावर क्रिकेटची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. सहा संघ होते: पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी, सोलापूर. जळगाव नाही, धुळे नाही. आपल्या भागातल्या पोराला खेळायचं तर दुसऱ्या गावाच्या नावाची जर्सी अंगावर चढवायची. निवड समितीत आपला माणूस नाही, वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर आपली बातमी तळाशी. मग हातात एक मत आहे, ते तरी आपल्या पोराला देऊ नये का? हे दुःख खरं आहे. जळगावच्या सागर पार्कवर सकाळी सहाला नेटमध्ये घाम गाळणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्या वाट्याला काय येतं तेही पाहिलं आहे.

पण ज्याच्याकडे डोकी कमी, त्यानं डोकी मोजण्याच्या खेळात उतरावं कशाला? २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लाख आणि धुळे जिल्ह्याची साडेवीस लाख. दोन्ही मिळून ६३ लाखांच्या आत. एकट्या पुणे जिल्ह्याची ९४ लाख. आडनाव आणि तालुका पाहून मतं द्यायची हाच नियम असेल, तर तो नियम पुण्यालाही लागू आहे, आणि मग आपलं पोरगं प्रत्येक वेळी हरणार आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी झाला. तिसऱ्या वेळची अंतिम कुस्ती पुण्यातल्या वारज्यात होती आणि समोर पुण्याचाच अभिजित कटके होता. कटके लेचापेचा मल्ल नव्हता. पुढच्याच वर्षी तो स्वतः महाराष्ट्र केसरी झाला. २०१६ ची ती गदा फोनवरच्या मतांवर द्यायची असती तर ती सायगावला आली असती का? मोजणी गुणांची होती म्हणून आली. दुर्लक्षित मुलखाचा सगळा भरवसा अशाच मोजणीवर असतो. ती मोजणी आपणच बिघडवायला निघालो, तर सर्वांत आधी आपलेच पाय कापले जातील.

जळगावच्या लोकांना मी त्यांच्याच बाजाराची आठवण करून देतो. जळगावच्या सराफ बाजारात लांबलांबचे लोक सोनं घ्यायला का येतात? इथला कस खरा, अशी पिढ्यान् पिढ्यांची ख्याती आहे म्हणून. दुकानात सख्ख्या बहिणीनं मोडायला आणलेला दागिना असला तरी तो कसोटीवर घासला जातो. एकदा जरी नात्यापायी हिणकस सोन्याला चोख म्हटलं, की त्या दुकानातल्या चोख सोन्यावरही लोक शंका घेतात. मतांचं अगदी असंच होतं, आणि खेळाच्या इतिहासात ते घडून गेलेलं आहे.

अमेरिकेत बेसबॉलचा वर्षातून एकदा निवडक खेळाडूंचा सामना होतो आणि त्याचे संघ चाहते मतांनी निवडत. १९५७ साली सिनसिनाटी शहरानं ठरवलं की सगळी मतं आपल्याच संघाला. तिथल्या वर्तमानपत्रानं नावं आधीच भरलेल्या मतपत्रिका छापल्या. मोजणी झाली तेव्हा सुरुवातीच्या आठ जागांपैकी सात जागांवर सिनसिनाटीचे खेळाडू होते. बेसबॉलच्या आयुक्तांनी, फोर्ड फ्रिक यांनी, त्यातल्या दोघांना काढून विली मेज आणि हँक अॅरन यांना घेतलं. हे दोघे त्या खेळातले दिग्गज. त्यांना बाहेर ठेवायला निघालेली मतं किती आंधळी असतील ते पाहा. त्यानंतर चाहत्यांचा मताधिकारच काढून घेतला गेला आणि तो परत मिळाला १९७० मध्ये. एका शहरानं आपल्या पोरांवर केलेल्या प्रेमाची किंमत देशभरातल्या चाहत्यांनी बारा वर्षं मोजली. त्या सात जणांत फ्रँक रॉबिन्सन होता. तो खरोखरच थोर खेळाडू होता आणि ती जागा त्याची हक्काची होती. तरी त्या वर्षाची गोष्ट निघाली की त्याचं नाव भरलेल्या मतपत्रिकांच्या गठ्ठ्यासोबतच निघतं. त्याच्याच शहरानं त्याच्या सन्मानावर डाग पाडला.

आपल्या देशावरही हे बेतलं आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या पुरुष हॉकी संघानं जर्मनीला ५-४ असं हरवून कांस्यपदक जिंकलं, तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. शेवटच्या सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर गोलरक्षक श्रीजेशनं अडवला, तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचे वार्षिक पुरस्कार जाहीर झाले. राष्ट्रीय संघटना, प्रसारमाध्यमं, खेळाडू आणि चाहते या सगळ्यांची मतं त्यात होती. आठही पुरस्कार भारताला मिळाले: पुरुषांचे, महिलांचे, गोलरक्षकांचे, उगवत्या खेळाडूंचे, दोन्ही प्रशिक्षकांचे. सुवर्णपदक जिंकलेल्या बेल्जियमच्या पुरुषांना एकही नाही, नेदरलँड्सच्या सुवर्णविजेत्या महिलांनाही एकही नाही. बेल्जियमच्या संघटनेनं मतदानाची पद्धतच फसल्याचं उघड बोलून दाखवलं. त्या आठांतले काही पुरस्कार निखळ गुणवत्तेवर भारताकडेच आले असते. श्रीजेशबद्दल तर मला शंकाच नाही. पण आठच्या आठ आले, आणि त्या गर्दीत श्रीजेशच्या हक्काच्या पुरस्काराकडेही जग संशयानं बघायला लागलं. त्याच्या त्या बचावाला आपल्या घाऊक मतांची गरज नव्हती.

मग मत द्यायचं कसं? मला सगळ्यांत सोयीचं उदाहरण पुणेरी पलटणचं वाटतं, कारण प्रो कबड्डी आपल्याकडे घराघरांत पाहिली जाते. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पलटणनं हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि दहाव्या हंगामाचं विजेतेपद मिळवलं. समजा, पलटणच्या चाहत्यानं आपल्या संघाचा सर्वोत्तम खेळाडू निवडायचा आहे. अंतिम सामना नुकताच संपला आहे आणि डोळ्यांसमोर पंकज मोहिते आहे. त्यानं त्या सामन्यात नऊ गुण आणले, त्यात एकाच चढाईत चार गडी टिपले. तिथेच बोट दाबायचा मोह होतो. पण प्रश्न हंगामाचा आहे. मोहम्मदरेझा शादलूवर पलटणनं २ कोटी ३५ लाख रुपये मोजले होते आणि पकडींचे ९९ गुण मिळवून तो हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. पैसे किती दिले हे मात्र मत देताना विसरायचं, महाग खेळाडू चांगलाच खेळतो हे गृहीत धरायचं नाही. कर्णधार अस्लम इनामदार अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचा, आपल्यापासून फार लांबचा नाही. हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू त्यालाच ठरवलं गेलं. आणि मग अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत. हे चढाईपटूची वाट अडवून धरत, त्याला आत ढकलत, कोपऱ्याच्या हातात आणून देत. पकडीचा गुण साधारणपणे एकाच्या नावावर लागतो, पण घोटा धरणारा हात आणि धक्का देऊन मागे रेटणारा खांदा दोन वेगळ्या माणसांचे असतात.

यातलं कोणाचं नाव लिहावं हे मी सांगणार नाही. माझं उत्तर अस्लम आहे, आणि ते तो जवळच्या जिल्ह्याचा आहे म्हणून नाही. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरी चढाई, जिच्यात एकतर गुण आणायचा, नाहीतर बाद व्हायचं, ती तो अंगावर घेताना मला दिसला, आणि सामना घसरत असताना संघाचा जीव थाऱ्यावर ठेवतानाही. दुसरा कोणी शादलूचं नाव घेऊन माझ्याशी तासभर भांडेल आणि मला ते भांडण हवंच आहे. दोघांनीही हंगाम पाहिलेला असेल, दोघांकडेही दाखवायला प्रसंग असतील. आमची मतं वेगळी पडली तरी दोन्ही मतं खरी असतील. वक्त्यांना वाटेल मी चाहत्याचं मन मारायला निघालो आहे. मला तर हवंय की त्यानं सगळ्या मनानं पाहावं.

क्रिकेटमध्ये फसगत आणखी सोपी, कारण तिथे धावफलक बोलका आहे. १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनच्या गाबावर भारतानं ३२८ धावांचा पाठलाग तीन गडी राखून पूर्ण केला. अजिंक्य रहाणेच्या कप्तानीतला तो विजय कोण विसरेल? ऋषभ पंतनं नाबाद ८९ केल्या आणि सामनावीर तोच ठरला. त्याच महिन्यापासून आयसीसीनं महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू निवडायला सुरुवात केली आणि तो पहिला मानही पंतला मिळाला. मला त्यात काही गैर वाटत नाही. पण चेतेश्वर पुजारानं त्या डावात २११ चेंडू खेळून ५६ धावा केल्या. बोटांवर, बरगड्यांवर, हेल्मेटवर चेंडू झेलत तो उभा राहिला, आणि ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज दमले तेव्हा पंतला मोकळं रान मिळालं. मत पंतला द्यायचं असेल तर जरूर द्या, पण ते २११ चेंडू एकदा मोजून मग द्या. धावफलकातून त्या अंगावरच्या माराचा आकडा कधी कळत नाही, तो पाहणाऱ्यालाच ठाऊक असतो. चाहत्याच्या साक्षीचं मोल त्यातच आहे. आकडे तर यंत्रही सांगेल.

खो-खोच्या बातम्या वाचायची सवय असलेल्यांना आधी मोजून मग मत देण्याची ही गोष्ट चटकन पटेल. तिथे प्रत्येक संरक्षकाच्या नावापुढे तो किती मिनिटं टिकला ते छापलेलं असतं. राष्ट्रीय स्पर्धेतला एकलव्य किंवा राणी लक्ष्मीबाई पुरस्कार कोणाला, यावर वाद घालणारी माणसं आधी ती मिनिटं तोंडपाठ करून येतात.

यावर एक उलट सवाल हमखास येतो: जाणकार तरी कुठे धुतल्या तांदळाचे असतात? त्यांचेही गट असतात, त्यांचीही गावं असतात. असतात. म्हणून तर मला चाहत्यांचं मत हवं आहे. ते रद्द करा असं मी म्हणत नाही. आयसीसी महिन्याचा खेळाडू ठरवते तेव्हा जाणकारांच्या मतांना ९० टक्के आणि चाहत्यांच्या मतांना १० टक्के वजन देते. शंभरातले दहा! जगभरातल्या कोट्यवधी पाहणाऱ्यांना दिलेला हा वाटा मला अपमानास्पद वाटतो. पण तो वाढवा, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? आधी आपण पाहून मत देतो हे दाखवावं लागेल. आणि चाहत्यांना ते जमतं. आयसीसीचा 'पीपल्स चॉइस' हा पुरस्कार चाहत्यांच्या मतांवर असे. २०१० मध्ये तो सचिन तेंडुलकरला मिळाला. २०११ आणि २०१२ मध्ये, म्हणजे लागोपाठ दोनदा, श्रीलंकेच्या कुमार संगकाराला. भारतातल्या चाहत्यांची संख्या जमेस धरा आणि सांगा, फक्त देश पाहून बोटं दाबली गेली असती तर हे घडलं असतं का?

त्याहून मला भावतो तो २०२० चा निकाल. दशकातल्या खिलाडूवृत्तीचा पुरस्कार कोणाला द्यावा हे आयसीसीनं चाहत्यांवर सोपवलं. चाहत्यांनी महेंद्रसिंग धोनीला निवडलं, कशासाठी? २०११ मध्ये ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत इयान बेल चहापानाच्या तोंडाशी विचित्र रीतीनं धावबाद झाला होता. नियमानं तो बाद होता. धोनीनं अपील मागे घेऊन त्याला परत बोलावलं. बेलनं आणखी धावा केल्या आणि भारत ती कसोटी हरला. त्या कृतीनं धोनीच्या खात्यात एकही धाव पडली नाही. नऊ वर्षं उलटून गेली तरी पाहणाऱ्यांनी ती मनात जपली आणि योग्य वेळी सांगितली. हेच लोक तालुका-तालुका करत मतं टाकतात तेव्हा मला म्हणूनच राग येतो. त्यांची नजर चांगली आहे. ती वापरायची नाही असं त्यांना व्यासपीठांवरून शिकवलं जातं आहे.

आयोजकांनाही माझं सांगणं आहे. अंतिम सामना संपायच्या आत मतदान उघडू नका. सामना चालू असताना मागितलेलं मत अर्ध्या सामन्याचंच असणार. मैदानावर आलेल्याचं मत घ्या, एकाचं एकच. नावांची यादी देताना गाव आणि तालुका लिहू नका, कोणता गडी कुठे खेळतो ते लिहा. आणि खेळाडूंच्या नातेवाइकांनो, भावकीच्या गटांवर मतांसाठी निरोप पाठवू नका. तुमच्या पोराला बक्षीस मिळालं तरी ते कसं मिळालं हे मॅटवरच्या बाकीच्यांना माहीत असतं, आणि उद्या त्यांच्याच हातात हात घालून त्याला साखळी धरायची असते.

धुळ्यातल्या एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांशी मी हे सगळं बोललो होतो. आंतरशालेय कबड्डीच्या वेळी त्यांनी फोनचा नाद सोडला आणि वहीची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठीवर दोन ओळी: खेळाडूचा क्रमांक, आणि त्याला काय करताना पाहिलं. दुसरी ओळ रिकामी असेल तर चिठ्ठी बाद. मोजायला मीही बसलो होतो. निम्म्याच्या आसपास चिठ्ठ्या बाद झाल्या, मुलं हिरमुसली, एक पालक रागावून निघून गेले. उरलेल्या चिठ्ठ्या आम्ही एकेक करून मोठ्यानं वाचल्या. हरलेल्या संघाच्या चार नंबरच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या शाळेतून तीन मतं होती आणि समोरच्या शाळेतून अकरा. त्या अकरांतली एक चिठ्ठी पेन्सिलनं लिहिलेली होती, अक्षर सातवी-आठवीतल्या मुलीचं असावं: "आमच्या दादाने त्याला ओढत रेषेपर्यंत नेलं, तरी त्याने पाय सोडला नाही."